गुनाह म्हणजे गुन्हा नव्हे

आठ मार्च जवळ आला की किश्वर नाहीदची एक कविता आपल्याकडे हमखास बाहेर निघते. कुणी ती पोस्टरवर लिहितं, कुणी पथनाट्याच्या शेवटी म्हणतं, कुणी मोर्चाच्या पत्रकावर छापतं. मूळ शीर्षक 'हम गुनहगार औरतें'. मराठीत तिचं बहुतेक वेळा 'आम्ही गुन्हेगार बायका' होतं. टाळ्या पडतात, आणि नऊ मार्चला किश्वर नाहीद परत ट्रंकेत जाते ती थेट पुढच्या वर्षापर्यंत. मला या दोन्ही गोष्टींशी भांडायचं आहे. त्या मराठी शीर्षकाशी आणि त्या ट्रंकेशी. (वयानं माझ्या आईएवढ्या बाईला मी एकेरी म्हणते आहे, पण मराठीत कवीला आणि देवाला एकेरीच हाक मारतात.)

आधी शीर्षक. उर्दूत गुनाह वेगळा आणि जुर्म वेगळा. गुनाह खुदाच्या दारात होतो, जुर्म सरकारच्या. एकाची माफी दुव्यात मागायची, दुसऱ्याची कोर्टात. मराठीनं 'गुन्हा' हा शब्द फारसीतून घेतला आणि सरळ पोलीस ठाण्यात नेऊन बसवला. आपण गुन्हा नोंदवतो, गुन्हा दाखल करतो, गुन्ह्याचा तपास करतो. देवाच्या दारातल्या चुकीसाठी आपल्याकडे पाप हा शब्द आहे. म्हणजे किश्वरच्या कवितेतल्या बायका गुन्हेगार नाहीत, पापी आहेत. रुखसाना अहमद यांनी १९९१ साली लंडनच्या विमेन्स प्रेसतर्फे पाकिस्तानी कवयित्रींचा इंग्रजी अनुवाद काढला, त्याचंही शीर्षक पापी स्त्रिया असंच आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी किश्वरला पहिल्यांदा वाचलं ते त्या पुस्तकातून, म्हणजे लाहोरहून लंडनमार्गे. इंग्रजीला जे कळलं ते मराठीच्या हातून निसटलं, कारण 'गुनहगार' हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटला. ओळखीचा वाटणारा शब्द अनुवादात सगळ्यात जास्त फसवतो.

हा शब्दांचा कीस नाही. ही कविता ज्या काळातली आहे त्या काळात पाकिस्तानात नेमकं काय चाललं होतं? १९७७ साली जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता बळकावली. १९७९ साली हुदूद अध्यादेश आले. त्यातला झिनाचा, म्हणजे विवाहबाह्य संबंधांचा अध्यादेश आपण नीट समजून घ्यायला हवा. त्याआधी पाकिस्तानात इंग्रजांच्या काळचं ४९७ कलम होतं, तेच आपल्याकडेही होतं. परक्याच्या बायकोशी नवऱ्याच्या परवानगीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा. त्यात बाई आरोपी नव्हती, मालमत्ता होती. आपल्याकडे ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केलं. झियांनी ते १९७९ सालीच काढलं, पण त्या जागी जे आणलं त्यात बाई मालमत्तेची आरोपी झाली. लग्नाबाहेरचा कुठलाही संबंध हा राज्याविरुद्धचा अपराध ठरला. जबरीनं झालेल्या झिनाची, म्हणजे बलात्काराची, सर्वांत कडक शिक्षा व्हायची तर चार सज्ञान, सदाचारी मुसलमान पुरुषांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं हवं. बाईची तक्रार सिद्ध झाली नाही तर संबंध आल्याचं तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, असं धरता येत होतं.

१९८३ साली सफिया बीबी नावाच्या अंध मुलीच्या बाबतीत हेच झालं. बलात्काराची तक्रार होती. पुरुष पुराव्याअभावी सुटला. तिचं गरोदरपण मात्र तिच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. पंधरा फटके, तीन वर्षं कैद आणि दंड. देशात आणि बाहेर इतका गदारोळ उठला की पुढे केंद्रीय शरियत न्यायालयानं तिला सोडलं. पण ती सुटली म्हणून कायदा सुटला नाही. २००६ साली बलात्कार पुन्हा दंडसंहितेत गेला. लग्नाबाहेरचा संबंध हा अपराध मात्र राहिलाच.

झियांनी केलं ते हे. गुनाह उचलला आणि त्याचा जुर्म करून टाकला. जी गोष्ट बाई आणि तिचा खुदा यांच्यातली होती तिच्यात फौजदार घुसवला. अशा वेळी एक कवयित्री जेव्हा म्हणते की हो, आम्ही गुनहगार आहोत, तेव्हा ती सरकारच्या हातातून तो शब्द हिसकावून घेते. तुम्ही ज्याला पाप म्हणता, म्हणजे न झुकणं, न विकलं जाणं, हात न जोडणं, ते आम्ही करतो आणि करणार. मराठीत आपण 'गुन्हेगार' लिहिलं की कवितेतला फौजदार पुन्हा खुर्चीवर येऊन बसतो. ज्या फरकासाठी ती कविता लिहिली गेली तो फरकच आपण पुसून टाकतो.

आता ट्रंक. किश्वर नाहीद म्हणजे एक कविता नव्हे. १९४० साली उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरला तिचा जन्म झाला. फाळणीच्या वेळी पळवून नेलेल्या आणि परत आलेल्या मुली तिनं लहान वयात पाहिल्या. १९४९ साली कुटुंब लाहोरला गेलं. मुलींनी शाळेत जाण्याची रीत घरात नव्हती, म्हणून घरी बसून, टपालानं अभ्यास करून तिनं शालान्त परीक्षा दिली आणि पुढे पंजाब विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. केलं. अर्थशास्त्र, हे मुद्दाम सांगते. आपल्याला कवयित्री म्हटलं की चांदणंच आठवतं. घरच्यांचा रोष पत्करून युसूफ कामरान या कवीशी लग्न, दोन मुलगे, नोकरी. नवरा गेल्यावर घर तिनंच ओढलं. १९६८ साली 'लब-ए-गोया' हा पहिला संग्रह आला, त्याला आदमजी पुरस्कार मिळाला. तो मुख्यतः गझलांचा. गझल हा तयार साचा, आणि त्यातली बाई बहुतेक वेळा पुरुषानं पाहिलेली. त्यात नाव कमावल्यावर ती मुक्त, गद्याजवळ जाणाऱ्या नज्मेकडे वळली. वाहवा मिळणारी जागा सोडून जिथे वाहवा मिळणार नाही तिथे जाणं, ही गोष्ट मला तिच्या धाडसी म्हणून गाजलेल्या ओळींपेक्षा जास्त धाडसाची वाटते.

नोकरी सरकारी. 'माह-ए-नौ' या सरकारी वाङ्मयीन मासिकाची ती संपादक होती, पुढे पाकिस्तान नॅशनल कौन्सिल ऑफ द आर्ट्सची महासंचालक. ज्या सरकारविरुद्ध लिहायचं त्याच सरकारचा पगार घ्यायचा, ही कसरत आपल्यातल्या कितीतरी शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका रोज करतात, पण चळवळीच्या इतिहासात ती लिहिली जात नाही. तुरुंगात गेलेल्यांचे फोटो असतात. हजेरीपुस्तकावर सही करून संध्याकाळी सभेला जाणाऱ्यांचे नसतात. किश्वरनं 'हव्वा' नावाची संस्था काढली. स्वतःचं उत्पन्न नसलेल्या बायकांनी हस्तकला करायची, ती विकायची आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे तिचं काम. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं स्तंभ लिहिला. 'बुरी औरत की कथा' हे आत्मचरित्र लिहिलं, त्यात स्वतःच्या लग्नाबद्दलही तिनं गुळमुळीत लिहिलेलं नाही. एवढं सगळं एका बाजूला आणि आपल्या पोस्टरवरची एक कविता दुसऱ्या बाजूला.

आणि अनुवाद. माझ्या मते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जोखमीचं काम कविता नव्हे, अनुवाद आहे. सिमोन द बोव्हारचं 'द सेकंड सेक्स' तिनं उर्दूत आणलं, संक्षेप करून, आपल्या वाचक बाईला समोर ठेवून. नाव दिलं 'औरत'. हिंदीत प्रभा खेतान यांनी तेच पुस्तक 'स्त्री : उपेक्षिता' केलं. मराठीत करुणा गोखले यांनी मूळ नावच ठेवलं. तीन भाषा, तीन नावं, आणि प्रत्येकीमागे एक बाई विचार करत बसलेली. 'औरत' हे नाव साधं वाटतं, पण हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थ झाकून ठेवण्याची गोष्ट, लज्जेची जागा. म्हणजे उर्दूत बाईचं नावच झाकण्यावरून पडलंय. सिमोन सांगते की बाई जन्मत नाही, घडवली जाते. उर्दूत ते घडवणं शब्दकोशातच लिहून ठेवलंय. असं पुस्तक त्या नावानं झियांच्या राज्यात छापायचं, तेही सरकारी नोकरीत असताना! पुस्तकावर अश्लीलतेचा ठपका आला, बंदी आली.

अश्लील काय होतं त्यात? शरीराची नावं, पाळीचं वर्णन, बाळंतपण, लग्नाच्या पहिल्या रात्रीबद्दलचा सरळ मजकूर. त्याच सुमारास कोर्टांच्या कागदपत्रांत सफिया बीबीच्या देहाची चर्चा चालली होती ती कुणाला अश्लील वाटली नाही. आपण फार खूश व्हायचं कारण नाही. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरावर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडताना तिच्या अंगावर जखमा नसल्याचा आधार घेतला. वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं ते १९७९ साली. तिकडे हुदूद अध्यादेश आले तेच हे साल. बाईच्या शरीराबद्दल न्यायाधीशानं लिहिलं तर ते निकालपत्र, बाईनं लिहिलं तर अश्लील. इंग्रजांच्या दंडसंहितेतलं अश्लीलतेचं २९२ कलम दोन्ही देशांनी जपून ठेवलं. आपल्याकडे २०२४ साली संहितेचं नाव आणि कलमांचे आकडे बदलले, अश्लीलतेचा अपराध राहिला. फाळणीआधी तर मुंबईत राहणाऱ्या इस्मत चुगताईंना 'लिहाफ' या कथेसाठी लाहोरच्या कोर्टात उभं राहावं लागलं होतं. सरहद्द नंतर आली, ही रीत आधीचीच.

अनुवादाचं काम धोक्याचं का असतं हे आपण विचारतच नाही. कवितेबद्दल कवी म्हणू शकते की ती प्रतिमा आहे, तुमचा अर्थ तुमच्यापाशी. अनुवादकाला ही पळवाट नाही. तिनं दुसऱ्या बाईचं बोलणं आणून आपल्या अंगणात ठेवलेलं असतं, आणि आता ते परदेशातलं म्हणून दूर सारता येत नाही. झियांचे लोक हे बरोबर ओळखून होते. फ्रेंचमधली सिमोन त्यांना चालत होती, इंग्रजीतलीही. उर्दूतली चालली नाही, कारण ती दहावी शिकलेली मुलगी वाचू शकत होती.

फहमिदा रियाझचंही असंच. देहाबद्दलच्या कवितांचा संग्रह 'बदन दरीदा' आला १९७३ साली, आणि तेव्हापासून ती बोल्ड कवयित्री. तिच्या 'आवाज' मासिकावर खटले भरले गेले, राजद्रोहाचाही आरोप आला. १९८० च्या दशकात जवळजवळ सात वर्षं तिनं दिल्लीत आसरा घेतला. २०१८ साली ती गेली तेव्हा आपल्याकडे जो तो तिची हिंदुस्थानाला उद्देशून लिहिलेली एकच कविता पुढे पाठवत होता. तिनं इराणच्या फरोग फर्रुखजादला उर्दूत आणलं, सिंधीतून शेख अयाझला आणलं, रूमीच्या गझला आणल्या, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. एक बाई फारसी बाईला उर्दू बाईपर्यंत पोचवते, सिंधी आणि उर्दू या भांडणाऱ्या दोन भाषांच्या मध्ये बसते, हे काम नव्हे का? की ते सुईणीचं काम आहे, मूल दुसरीचं म्हणून सुईणीला लुगडं दिलं की झालं?

आपल्या घरातलंही बोलते. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेसाठी मी उर्दूतल्या काही स्त्रियांच्या लेखनाचा अनुवाद केला. मानधनाचा विषय निघाला तेव्हा संपादक प्रेमानं म्हणाले, "ताई, तुमचं तर हे चळवळीचं काम. आणि मूळ लेखन थोडंच आहे?" पुस्तक आलं तेव्हा माझं नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याच्या वर, बारीक टायपात होतं. तक्रार केली तर पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. पुढची आवृत्ती निघाली नाही. त्यांना मी दोष देते, पण मैत्रिणींनो, आपल्या चळवळीतल्या पुस्तिकाही याहून वेगळ्या नसतात. कविता छापतो, खाली कवीचं नाव असतं, अनुवाद कुणी केला ते नसतं. बिनपगारी, बिननावाचं घरकाम असतं म्हणून आपण चाळीस वर्षं भांडतो आहोत. मग हे काय आहे?

दुसरी खोड याहून वाईट. किश्वर, फहमिदा, सारा शगुफ्ता यांची नावं आपल्याकडे बऱ्याचदा "बघा, तिकडे बायकांची काय अवस्था आहे" हे सांगायला काढली जातात. सभेत एखादी उठते आणि म्हणते, आपण नशीबवान. मला त्या वाक्याचा राग येतो. त्यात या कवयित्री पुराव्याच्या वस्तू होतात, आणि पुरावा कुणाविरुद्ध, तर आपल्याच शेजारच्या मोहल्ल्याविरुद्ध. १२ फेब्रुवारी १९८३ ला लाहोरच्या रस्त्यावर साक्षीच्या कायद्याविरुद्ध निघालेल्या बायकांनी लाठ्या आणि अश्रुधूर झेलला, तो मोर्चा मुसलमान बायकांनीच काढलेला होता. वकील, शिक्षिका, कॉलेजच्या मुली. त्यांना कुणी बाहेरून सोडवायला आलं नव्हतं. किश्वरची लढाई मुल्ला आणि लष्कर यांच्या युतीशी आहे, आपल्या लोकांशी नाही. तिच्या ओळी घेऊन इथल्या मुसलमान बाईवर दया दाखवणं ही चोरी आहे, आणि तीही उलट्या कामासाठी केलेली चोरी.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख लोक होते. भिवंडी आणि मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात मुशायरे होतात, उर्दू शाळा चालतात, उर्दू पुस्तकं छापली जातात. तिथल्या बायकांना किश्वर नाहीद वाचायला लंडनला जावं लागत नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर भिवंडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून शिकले. मी तिला आपा म्हणते. 'गुनाह' आणि 'जुर्म' यांतला फरक तिनंच मला पहिल्यांदा सुनावला. "तुम्ही मराठीवाले आमचा शब्द घेता आणि त्याला वर्दी चढवता," असं ती म्हणाली.

आता एक अवघड गोष्ट. २०१९ च्या मार्चमध्ये पाकिस्तानातल्या औरत मार्चमध्ये मुलींनी जे फलक धरले, माझं शरीर माझी मर्जी, जेवण स्वतः गरम करून घे, त्यांवरून देशभर वादळ उठलं. किश्वर नाहीदनं त्या मुलींची बाजू घेतली नाही. संस्कृती आणि परंपरा ध्यानात ठेवा, नाहीतर जिहादींसारखं भरकटायला होतं, अशा अर्थाचं ती बोलली. तरुण कार्यकर्त्या दुखावल्या, चिडल्या. आपल्याकडेही मी ऐकलं: बघितलंत, म्हातारी झाली की सगळ्या अशाच होतात. आता तिची कविता कशाला वाचायची?

ती चूक बोलली असं मी स्पष्ट म्हणते. जिच्या पुस्तकावर अश्लील म्हणून बंदी आली तिनं दुसऱ्यांच्या फलकांना संस्कृतीचं माप लावणं मला मुळीच पटत नाही. जेवण गरम करण्याच्या फलकात तर मला सिमोनच दिसते, भाकरीच्या तव्याजवळ उभी असलेली. आणि मुलींची तुलना जिहादींशी करणं हा अन्यायच होता, कारण त्याच मुलींना खरे कट्टरपंथी धमक्या देत होते. पण तिला रद्द करायला निघालेल्यांशीही माझं जमत नाही. बाई आपल्याला मूर्ती म्हणून हवी असते, आणि मूर्तीला तडा गेला की विसर्जन. पुरुषांच्या बाबतीत आपण इतक्या कडक नसतो. कितीतरी थोर समाजवाद्यांच्या घरच्या चुलीजवळच्या गोष्टी माहीत असूनही आपण त्यांची भाषणं अभ्यासवर्गात लावतो. किश्वरशी भांडायला हवं, तिच्यासमोर बसून, तिचं सगळं वाचून. जिची एकच कविता वाचली तिच्याशी भांडता येत नाही, तिला फक्त डोक्यावर घेता येतं किंवा पायाखाली.

आणि तिचं म्हणणं कुठून आलं असेल याचा विचार तरी करूया. राज्यानं एका हातानं बंदी घातली, दुसऱ्या हातानं २००० साली सितारा-ए-इम्तियाझ दिला. साठ वर्षं ती त्या दोन हातांच्या मध्ये जागा काढत आली. प्रत्येक शब्द आधी तोलून, कुठवर गेलं तर पुस्तक बंद होईल आणि कुठवर गेलं तर नोकरी राहील हे बघत. अशा बाईला अचानक एक पिढी दिसते जी तोलत नाही. तिला भीती वाटली असेल, हेवाही वाटला असेल. मुलींनी तिला उत्तर दिलं ते चांगलंच केलं. तिच्याच कवितेचा आधार घेऊन दिलं असतं तर आणखी चांगलं झालं असतं.

आपल्या पुढच्या आठ मार्चसाठी माझी मागणी साधी आहे. कविता म्हणायची तर आधी मूळ उर्दू, कुणाकडून तरी, जिची ती भाषा आहे तिच्याकडून म्हणवून घ्या, तिचं येण्याजाण्याचं भाडं द्या. मराठी कुणी केलं तिचं नाव कवीच्या नावाशेजारी, तेवढ्याच टायपात. 'गुन्हेगार' हा शब्द काढा. 'पापी' नको असेल, कारण त्याला आपल्याकडे देवळाचा वास येतो, तर 'गुनहगार' तसाच ठेवा आणि खाली दोन ओळींत फरक सांगा. आणि अभ्यासवर्गात एक दिवस 'बुरी औरत की कथा' घ्या. भिवंडीची आपा यायला तयार आहे, फक्त रविवारी तिची शिकवणी असते.